कुलूप नसलेलं कपाट

रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसरी यांनी आपलं पहिलं बालगृह सुरू केलं. मुलांनी हाताळायचं साहित्य तिथे एका मोठ्या कपाटात कुलूपबंद असे. किल्ली बाईंकडे. बाई कपाट उघडायच्या, साहित्य वाटायच्या आणि वेळ संपली की गोळा करून पुन्हा कुलूप लावायच्या. एकदा बाई कुलूप लावायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्या जरा उशिरा पोचल्या, तर मुलांनी कपाट उघडून हवं ते काढून घेतलेलं. बाईंना वाटलं, ही तर चोरी. माँटेसरींनी त्यातून वेगळाच अर्थ काढला: मुलांना साहित्याची इतकी ओळख झाली आहे की आज काय घ्यायचं ते त्यांचं त्यांना ठरवता येतंय. त्यानंतर कुलपाचं कपाट गेलं आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलेल्या पालकांसाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. घरशाळेचा दिवस फिसकटतो तो विषय अवघड गेल्यामुळे क्वचितच. शार्पनर सापडत नाही. डिंकाची बाटली उघडावी तर आत सुकलेला गोळा. चौकटींच्या वहीवर धाकटीने स्केचपेन चालवलेलं. आणि या सगळ्यात दर दहा मिनिटांनी एक प्रश्न येत राहतो, “आई, आता काय करू?” आई गॅसपाशी असो की लॅपटॉपवर मीटिंगमध्ये, उत्तर तिनेच द्यायचं. मूल कितीही हुशार असलं तरी दिवसाची किल्ली मोठ्यांच्या कमरेलाच राहते. घरशाळेतली मांडणी करायची ती ही किल्ली मुलाच्या हातात जावी म्हणून. घर नीटनेटकं दिसणं हा त्यातला वरकड फायदा.

महाराष्ट्रात हा मार्ग धरणारी कुटुंबं आज पुण्या-मुंबईतच आहेत असं नाही, लहान गावांतही आहेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे, मात्र त्यासाठी दंडाची तरतूद नाही. घरशाळेसाठी वेगळी तरतूद नाही आणि तिला नाव घेऊन मनाईही नाही. अशा परिस्थितीत रोजचा अभ्यास, साहित्य आणि कागद नीट लावलेले असणं हाच पालकांचा खरा आधार.

‘आता काय करू?’ या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार झाला तो अमेरिकेत, स्वमग्न मुलांसाठी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टीच’ नावाचा कार्यक्रम उभा केला आणि १९७२ मध्ये तो राज्यभर सुरू झाला. त्यातली कामाची मांडणी चार प्रश्नांवर उभी आहे. काय करायचं? किती करायचं? संपलं हे कसं कळणार? आणि त्यानंतर काय? या चारही प्रश्नांची उत्तरं मुलाला तोंडी सांगायची नाहीत, ती त्याला समोर दिसली पाहिजेत. करायचं काम डाव्या हाताला, झालेलं उजवीकडच्या टोपलीत. डावी बाजू रिकामी झाली की काम संपलं.

पुढे सू पॅट्रिक या अमेरिकन आईने आपल्या स्वमग्न मुलाला घरी शिकवताना याच विचारातून डब्यांची पद्धत बसवली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. रॅकवर बारा पारदर्शक डबे, प्रत्येकावर क्रमांक. एका डब्यात एकच काम आणि त्या कामाला लागणारं सगळं साहित्य त्याच डब्यात. मूल एक नंबरचा डबा उचलतं, काम करतं, डबा बाजूला ठेवतं आणि दोन नंबरकडे वळतं. अमेरिकेतल्या घरशाळांमध्ये ही पद्धत झपाट्याने पसरली. स्वमग्न नसलेल्या मुलांनाही ती मानवली, कारण पुढे काय आहे हे दिसलं की कुणालाही हायसं वाटतं.

आपल्याकडे त्यासाठी खास रॅक लागत नाही. मिठाईचे प्लॅस्टिकचे डबे, बुटांची खोकी, स्वयंपाकघरातून निवृत्त झालेले ट्रे, काहीही चालतं. आठ वर्षांच्या मुलाचा एक डबा उघडून पाहू. आत शिंप्याची टेप, टोक केलेली पेन्सिल, चौकटींची वही आणि वहीच्या आजच्या पानावर लावलेला क्लिप. सोबत एक कार्ड: ‘घरातल्या पाच वस्तू मोज. आधी अंदाज लिही, मग मोज, मग फरक लिही.’ बस, एवढंच. मूल दाराची उंची मोजतं, फ्रीजची रुंदी मोजतं आणि मग आजीच्या नऊवारीपाशी अडतं, कारण टेप दीड मीटरची आणि लुगडं आठ मीटरच्या वर. टेप पुन्हा पुन्हा लावायची, प्रत्येक वेळी जिथे संपते तिथे बोट धरायचं, पूर्ण पाच वेळा लावून झाली की उरलेला तुकडा वेगळा मोजायचा आणि सगळ्याची बेरीज करायची. गुणाकार, बेरीज, मीटर-सेंटिमीटर, सगळं एका डब्यात आलं. टेप शोधण्यात वेळ गेला नाही, पेन्सिलीला टोक करायला कुणी उठलं नाही, म्हणून ते मूल लुगड्यापर्यंत पोचलं.

बारा डब्यांचा आग्रह मात्र आपल्या घरांनी धरू नये. रोज रात्री बारा डबे भरायचे म्हणजे आईची दुसरी पाळी सुरू होते आणि दोन मुलं असतील तर चोवीस डबे होतात. पहिल्या उत्साहात महिनाभर चालतं, मग डबे रिकामे राहू लागतात. पाच-सहा पुरेत. त्यांतले दोन-तीन रोज भरावेच लागू नयेत: वाचनाचं पुस्तक, पाढ्यांची पत्ती, शुद्धलेखनाची वही. ती रोज तीच, फक्त पान पुढचं. नवं काम दिवसाला एक किंवा दोन डब्यांत. शेवटच्या डब्यात मुलाच्या आवडीचं काहीतरी असावं, कोडं, माती, ओरिगामीचे कागद, म्हणजे शेवटच्या डब्यापर्यंत पोचावंसं वाटतं.

लहान मुलांसाठी डब्यांपेक्षा उघडी फळी बरी. माँटेसरींच्या वर्गात प्रत्येक साहित्याचा एकच संच असतो. त्याची जागा ठरलेली, तो ट्रेमध्ये ठेवलेला, आणि वापरून झाला की त्याच जागी परत. फळीवर थोडंच ठेवायचं, आठ-दहा वस्तू. बाकीच्या माळ्यावर किंवा दिवाणाच्या खणात. पंधरवड्याने अदलाबदल. माळ्यावरून उतरलेली जुनी वस्तू मुलाला नव्यासारखी वाटते, आणि पसारा आवरायचा तोही आठ-दहा वस्तूंचाच.

माँटेसरींचं मूळ साहित्य महाग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या भारतात, मद्रासजवळच्या अड्यारला होत्या आणि त्यांच्या प्रशिक्षणातून ते साहित्य इथे बरंच पोचलं. पण गरिबाच्या घरात ते जाणार कसं, या प्रश्नाला महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कामातून उत्तर दिलं. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेलं त्यांचं काम आदिवासी मुलांमधलं होतं. तिथे मोजायला बिया आणि खडे, लावालावीला शिंपले आणि पानं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली. आजच्या घरशाळेने कोसबाडकडून शिकावं ते हेच. चिंचोके, वाटाणे, बाटल्यांची झाकणं आणि जुन्या कॅलेंडरांचे आकडे, एवढ्या भांडवलावर पहिली-दुसरीचं गणित उभं राहतं. दशकाचे गठ्ठे बांधायला झाडूच्या काड्या आणि रबरबँड. गुंजा मात्र घेऊ नयेत. दिसायला कितीही सुंदर असल्या तरी चावलेली गुंज विषारी असते आणि लहान मूल बी तोंडात घालणारच.

आता जागेचं. मराठी मध्यमवर्गीय घरात अभ्यासाची वेगळी खोली बहुतेक नसते, अभ्यास होतो जेवणाच्या टेबलावर नाहीतर हॉलमध्ये सतरंजीवर. म्हणजे साडेबाराला टेबल रिकामं झालंच पाहिजे. ही अडचण वाटते, पण तिचा फायदा आहे. दिवसाला आपोआप एक हद्द पडते. इंग्लंडमधल्या अँबलसाइडच्या शार्लट मेसन यांनी घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं: लहान मुलाला एका विषयाला वीस मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, पुस्तकी काम सकाळी संपवा, दुपार मोकळी सोडा. नऊ ते साडेबारा या वेळात पाच-सहा डबे आरामात होतात. शाळेच्या तासांप्रमाणे घड्याळ लावून घरी शिकवायला गेलं तर दाराची बेल, कुरिअर आणि आजोबांचा चहा त्याचे तुकडे करतात. म्हणून वेळेपेक्षा क्रम ठरवावा. तिसऱ्या डब्यानंतर खाऊ, पाचव्यानंतर खाली खेळायला. अर्धा तास कुठे गेला तरी क्रम टिकतो.

धाकटं भावंड घरात असेल तर त्यालाही एक डबा हवाच. मोठ्याच्या वह्या ओढल्या जातात त्या बहुतेक वेळा आपल्यालाही काम नाही या दुःखापोटी.

साहित्याच्या खरेदीबद्दल थोडं. जूनच्या तोंडावर पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट भरून वाहतात आणि तिथे गेलं की हात आखडत नाही. घरशाळेला प्रत्यक्षात लागतं ते कमी: चाररेघी, दुरेघी आणि चौकटींच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर, कात्री, डिंक, रंग, एक कंपासपेटी आणि भरपूर कोरे कागद. जादा माल एकाच खोक्यात, मोठ्यांच्या ताब्यात. मुलासमोर प्रत्येक वस्तू एकेकच. खोडरबर संपला की मुलाने फ्रीजवरच्या किराणा यादीत तो स्वतः लिहायचा. पुस्तकांसाठी बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ मोफत उतरवून घेता येतात. अख्खं पुस्तक छापण्याऐवजी येत्या महिन्याची पानं छापून स्पायरल करून घेतली तर फळीवर ओझं होत नाही.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. जुलैत कागद लिबलिबीत होतो, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या वह्यांना बुरशी धरते आणि कसर पुस्तकांच्या बांधणीतली खळ खाते. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावा, खालची फळी रिकामी ठेवावी, रंगकाम पूर्ण वाळल्याशिवाय फाइलमध्ये घालू नये. ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं पंख्याखाली उघडून ठेवणं हेही मुलांचंच काम असू द्यावं.

डब्यांमधून तयार झालेल्या कामाचा ढीग हा सर्वांत दुर्लक्षित भाग. सगळं जपायचं म्हटलं तर घर भरतं, आणि टाकून दिलं तर वर्षाअखेरीला दाखवायला काही उरत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९८८ च्या कायद्याने घरशाळांना वर्षाला १८० दिवस शिकवणं किंवा प्राथमिक वर्गांसाठी ९०० तास भरवणं बंधनकारक आहे. त्याबरोबर वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि मुलाच्या कामाचे नमुने असलेली फाइल ठेवावी लागते आणि मूल्यमापक ती पाहतो. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण सवय उचलण्यासारखी आहे. शुक्रवारी मुलाबरोबर बसून आठवड्यातली तीन पानं निवडायची, प्रत्येकावर तारीख घालायची आणि फाइलमध्ये लावायची. मातीचा किल्ला, मोठं चित्र यांचा फोटो. बाकीचा कागद मागच्या बाजूने वापरून रद्दीत. निवड मुलाने करावी. जूनमधलं अक्षर आणि फेब्रुवारीतलं अक्षर शेजारी ठेवून पाहताना मुलाला आपली वाढ कळते ती कुठल्याही गुणपत्रिकेतून कळणार नाही इतकी स्पष्ट.

दहा-अकराव्या वर्षी डबे मागे पडतात आणि पडावेत. मग एक साधी वही पुरते. रविवारी आठवड्याचं काम लिहायचं, कोणत्या दिवशी काय करायचं ते मुलाने ठरवायचं, झालं की खूण करायची. पालकांनी फक्त शुक्रवारी पाहायचं. पहिले काही आठवडे सगळं काम गुरुवारवर ढकललं जाईल. जाऊ द्यावं. एका रडव्या गुरुवारनंतर मूल सोमवारचा उपयोग शिकतं, आणि हे शिक्षण दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

या वयापासून एक फाइल मात्र पालकांनी स्वतःकडे ठेवावी. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवीच्या परीक्षेसाठी १० आणि आठवीच्या परीक्षेसाठी १३ वर्षं पूर्ण असावी लागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएसची दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. तिथली नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि दहावीसाठी मराठी माध्यमही आहे. या सगळ्यांत वयाचा पुरावा लागतोच. तेव्हा जन्मदाखल्याची मूळ प्रत आणि त्याच्या झेरॉक्स आजच त्या फाइलच्या पहिल्या कप्प्यात घालून ठेवा, आणि दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेही पाहून घ्या.