सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न आणि कल्याणयोजना: पात्रतेच्या प्रश्नाचा विचार

गेल्या दहाबारा वर्षांत ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’ ही संज्ञा आपल्याकडील सार्वजनिक चर्चेत रूढ होऊ लागली आहे. प्रत्येक नागरिकास, तो गरीब आहे की श्रीमंत हे न पाहता व कोणतीही अट न घालता, शासनाने ठराविक काळाने ठराविक रक्कम रोख द्यावी, असा तिचा थोडक्यात आशय. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत या कल्पनेला एक स्वतंत्र प्रकरण मिळाले. ही पाहणी त्या वेळचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमणियन यांच्या देखरेखीखाली तयार झाली होती. केंद्राच्या लहानमोठ्या मिळून सुमारे ९५० योजना असून त्यांवर एकंदर देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ५ टक्के इतकी तरतूद होते, असे त्या प्रकरणात दाखविले आहे. आणि वरच्या स्तरातील २५ टक्के लोक वगळून इतर प्रत्येकास वर्षाला ७,६२० रुपये दिल्यास साधारण तेवढाच खर्च येईल, असा हिशेबही मांडला आहे. मग या असंख्य योजना गुंडाळून सरळ रोकड का देऊ नये, असा प्रश्न साहजिकच पुढे आला.

अर्थशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु शासननिर्णय, अर्जांचे नमुने आणि योजनांची नावे ही भाषेची सामग्री आहे, आणि ती वाचताना असे दिसते की, या वादात रोकड की वस्तू हा प्रश्न जितका महत्त्वाचा मानला जातो तितका तो नाही. खरा प्रश्न निराळाच आहे: मदत मिळण्यापूर्वी पुरावा कोणी द्यावयाचा? गरजूने आपली गरज सिद्ध करावयाची, की शासनाने आपला नकार सिद्ध करावयाचा?

प्रचलित योजनांचे उत्तर त्यांच्या शब्दांतच आहे. त्यांतील मध्यवर्ती शब्द ‘पात्र’ हा होय. मुळात पात्र म्हणजे पिण्याचे भांडे. पुढे दान ज्यात घालावयाचे तो योग्य मनुष्य, असा त्याचा अर्थ झाला. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश आणि काळ यांच्या बरोबरीने पात्राचा विचार सांगितला आहे. पात्रतेचा निर्णय दाता करतो, घेणारा नव्हे, हे या शब्दाच्या पोटातच आहे. ‘लाभार्थी’ हा दुसरा शब्द. अर्थी म्हणजे इच्छा करणारा, मागणारा. म्हणजे ज्याला आपण नागरिक म्हणतो तो योजनेच्या कागदावर येताच लाभाची याचना करणारा होतो. १९८० सालच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या नावात तर अर्जदाराने आपल्याला कोणाचाही आधार नाही असे प्रथम कबूल करावे, ही अपेक्षा स्पष्ट दिसते.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल, म्हणून याच योजनेचे व्यवहारातील रूप पाहू. २०२३ साली तिचे मासिक अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झाले, तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक २१,००० रुपये होती. म्हणजे महिन्यास १,७५० रुपये. एखाद्या विधवेने आठवड्यातून दोन दिवस खुरपणीस जाऊन मजुरी मिळविली आणि ती प्रामाणिकपणे सांगितली, तरी ती या मर्यादेच्या पलीकडे जाण्याची शक्यता आहे. परिणाम असा होतो की, उत्पन्नाचा दाखला हा उत्पन्नाविषयी काहीही न सांगणारा एक वाङ्मयप्रकार बनतो. तो देणाऱ्यास व घेणाऱ्यास दोघांसही त्यातील आकडा मर्यादेशी जुळला पाहिजे एवढेच ठाऊक असते. ज्या बाईला तलाठ्यापर्यंत, सेतू केंद्रापर्यंत आणि तहसील कचेरीपर्यंत जाणे जमते तिला दाखला मिळतो. जिला जमत नाही ती खरोखरीच निराधार असते आणि नेमकी तीच यादीबाहेर राहते. गरिबांची निवड करण्यासाठी उभारलेली चाळणी अशा रीतीने सर्वांत गरिबालाच खाली गाळून टाकते.

व्याकरणाच्या अभ्यासकास येथे पाणिनीय परंपरेतील उत्सर्ग आणि अपवाद या जोडीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम. तो सर्वत्र लागू. अपवाद त्याचे क्षेत्र कापून घेतो. परंतु अमुक रूप अपवादात पडते की नाही, हे ठरविण्यास प्रत्येक वेळी वैयाकरण लागतो. कल्याणयोजनांचेही तसेच. जितके अपवाद अधिक तितके निर्णय अधिक, आणि निर्णय घेणारी माणसे अधिक. १९९७ पूर्वी शिधावाटप हा बहुतांशी उत्सर्ग होता. त्या वर्षी ते लक्ष्याधारित झाले, म्हणजे दारिद्र्यरेषेखालील आणि वरील असा भेद त्यात शिरला. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या, आणि पत्रिकेचा रंग हा घराच्या नशिबाचा रंग झाला. तामिळनाडूने मात्र ही विभागणी नाकारून शिधावाटप सर्वांसाठी खुले ठेवले, आणि तेथील व्यवस्था देशातील चांगल्या व्यवस्थांत गणली गेली. हे उदाहरण अशासाठी महत्त्वाचे की, सार्वत्रिकता आणि रोकड या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्यावरून दिसते. धान्यही सर्वांना देता येते. आणि रोकडही, आपल्या बहुतेक योजनांप्रमाणे, निवडक लोकांना देता येते. ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’ या संज्ञेत दोन्ही एकत्र बांधल्या गेल्यामुळे चर्चेत त्यांची गल्लत होते.

महाराष्ट्राने पुराव्याच्या प्रश्नाला एक तिसरेच उत्तर दिले होते, आणि त्याची आठवण या वादात क्वचितच निघते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आणि १९७२ च्या दुष्काळाच्या कसोटीतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७५ साली तिच्यासाठी व्यवसाय कर बसविण्यात आला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ व्यक्तीने काम मागावे आणि शासनाने ते पंधरा दिवसांत द्यावे, अन्यथा बेकारभत्ता द्यावा, असे तिचे स्वरूप. उत्पन्नाचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही. उन्हात खडी फोडावयास कोणी सधन मनुष्य येत नाही, हाच तेथील पुरावा. आणि तिचे नाव पाहा. ‘हमी’ ही देणाऱ्याने घ्यावयाची असते. अनुदान मिळाले नाही तर घेणाऱ्याचे दुर्दैव; हमी पाळली गेली नाही तर देणारा खोटा ठरतो. मोर्चात चालणाऱ्या मजूर स्त्रिया काम द्या, नाहीतर भत्ता द्या असे ठणकावून म्हणू शकल्या, त्यामागे या एका शब्दाचे बळ होते. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यालाही महाराष्ट्राचा हा नमुना मार्गदर्शक ठरला.

तथापि या व्यवस्थेचे उणेपण उघड आहे. जो खडी फोडू शकत नाही त्याचे काय? वृद्ध, अपंग, बाळंतीण, दीर्घकाळ आजारी यांना श्रमाची कसोटी लावणे म्हणजे त्यांना दारातूनच परत पाठविणे. शिवाय मदतीला काम जोडले की काम ठरविणाऱ्याची सत्ता आली, हेही विसरता कामा नये. या बाबतीत आपल्या समाजाचा अनुभव जुना आणि कडू आहे. गावगाड्यातील बलुते हे भिक्षा नव्हते. ते हक्काचे मानले जाई, आणि वतनपत्रांत ‘हक्क’ हा शब्द पावलोपावली येतो. अरबीत सत्य आणि अधिकार असे दोन्ही अर्थ वाहणारा हा शब्द मराठीत किती खोल रुजला आहे, हे त्यावरून कळते. परंतु त्या हक्काला जन्म आणि सेवा यांची गाठ मारलेली होती. महार वतनाच्या तुटपुंज्या मोबदल्यासाठी अख्ख्या जातीने रात्रंदिवस राबण्यास बांधील राहावे, ही ती गाठ सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मदतीला जोडलेली अट मदतीपेक्षा मोठी कशी होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. विनाअट रकमेच्या बाजूने आपल्या इतिहासातून मिळणारा हा सर्वांत बळकट आधार होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अट नसेल तर लोक आळशी होतील, ही शंका नेहमी घेतली जाते. तिला अंशतः उत्तर मिळाले आहे. २०११-१२ च्या सुमारास ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशात इंदूर जिल्ह्यातील आठ गावांत एक प्रयोग केला. गावातील प्रत्येक प्रौढास महिना २०० आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये, आणि पुढे ३०० व १५० रुपये, विनाअट देण्यात आले. लोकांनी काम सोडले नाही. उलट काहींनी दुसऱ्याच्या शेतावरील मजुरी कमी करून स्वतःच्या तुकड्यात अधिक राबण्यास प्रारंभ केला. आहार सुधारला, मुलांची शाळेतील उपस्थिती वाढली. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २,००० बेकारांना महिना ५६० युरो देऊन पाहिले. तेथे रोजगारात थोडीशीच वाढ दिसली, पण मनःस्वास्थ्य आणि संस्थांवरील विश्वास अधिक आढळला. परंतु एक गोष्ट येथे बजावून सांगितली पाहिजे. इंदूरकडील गावांत ही रक्कम शिधा, शाळा, दवाखाना यांच्या जोडीला दिली गेली होती, त्यांच्याऐवजी नव्हे. त्या प्रयोगाचा दाखला देऊन चालू योजना बंद करा असे म्हणणे तर्कदुष्ट आहे.

‘फुकट’ हा जो आक्षेप आहे त्याचे मूळ मात्र ‘उत्पन्न’ या शब्दात काही प्रमाणात असावे. उत्पन्न म्हणजे उपजलेले. जमिनीतून किंवा श्रमातून जे निपजते ते. न पेरता उगवलेले उत्पन्न ही मराठी कानाला विसंगती वाटते. ज्यांनी ही कल्पना प्रथम मांडली त्यांच्या मनात उत्पन्नापेक्षा ‘वाटा’ अधिक होता. टॉमस पेन याने १७९७ च्या आपल्या पुस्तिकेत जमीन ही मूळची सर्वांची, तेव्हा तिच्या खाजगी मालकांनी इतरांस भरपाई द्यावी असे म्हटले, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी १५ पौंड व पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड अशी रक्कमही सांगितली. अलास्का राज्यात १९८२ पासून खनिज तेलाच्या निधीतून रहिवाशांना दरवर्षी जी रक्कम मिळते तिलाही नफ्यातील वाटा म्हणतात, मदत म्हणत नाहीत. आपल्याकडे विनोबांनी भूदानाच्या संदर्भात दान म्हणजे नीट केलेली विभागणी असा अर्थ लावून दाखविला, तोही याच दिशेचा. ‘सार्वत्रिक वाटा’ असा शब्द आरंभीच रूढ झाला असता तर निम्मे आक्षेप उठले नसते. अर्थात् उरलेले निम्मे उठलेच असते.

त्या उरलेल्यांपैकी सर्वांत गंभीर आक्षेप पैशाच्या झिजेचा आहे. ७,६२० रुपये म्हणजे महिन्यास ६३५. धान्याचे पाच किलो हे दहा वर्षांनीही पाच किलोच असतात. ६३५ रुपये मात्र ६३५ राहत नाहीत. हे भय काल्पनिक नव्हे. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी केंद्राचा हिस्सा २००६-०७ पासून महिना २०० रुपये ठरला, आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ तो तितकाच राहिला. म्हाताऱ्यांचे मोर्चे क्वचितच निघतात. राज्ये आपली भर घालतात म्हणून ही गोष्ट झाकली जाते इतकेच. शिवाय ज्या डोंगरी पाड्यावर दुकानच नाही, तेथे रोकड ही दुकानापर्यंतच्या एसटीच्या तिकिटाइतकी कमीच असते.

महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून सुरू झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना’ ही या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसते. एकवीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांस महिना १,५०० रुपये. कशावर खर्च करावे याची अट नाही, परंतु कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात ट्रॅक्टरखेरीज चारचाकी नको, कोणी आयकर भरणारा नको, असे अपवाद आहेत. आरंभी अर्ज उदारपणे स्वीकारले गेले आणि २०२५ मध्ये फेरतपासणी होऊन अनेक नावे वगळली गेली. म्हणजे पुराव्याचे ओझे प्रथम हलके केले आणि मग पुन्हा अर्जदार स्त्रीच्या डोक्यावर ठेवले. तिचे नाव तर अभ्यासकास मोहात पाडणारे आहे. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो, ती प्रेमाने. ती किती असावी आणि पुढील वर्षी मिळावी की नाही, याबद्दल बहीण भावाशी भांडू शकते, पण त्याच्यावर दावा लावू शकत नाही. कोणत्याही पक्षाच्या शासनाने नात्यातील शब्द योजनेस दिला की, हमीचा ओवाळणीशी असलेला भेद पुसला जातो.

आता तुलना करावयाची तर प्रस्तुत लेखकाचे मत असे: शिधा, शाळेतील जेवण आणि कामाची हमी यांच्या जागी रोकड आणू नये, परंतु ज्यांना श्रमाची कसोटी लावताच येत नाही त्यांच्यासाठी आरंभापासूनच सार्वत्रिक रोकड हेच योग्य साधन आहे. साठी उलटलेल्या प्रत्येकास, दाखल्यावाचून, महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेले निवृत्तिवेतन द्यावे. त्यात काही सधन वृद्धही येतील, हे खरे. त्यांच्याकडून ते करावाटे परत घेता येते. करवसुलीस लागणारे कागद सधनांच्या घरी आधीपासूनच असतात. विधवा आणि अपंग यांच्या बाबतीतही मृत्यूची नोंद व वैद्यकीय प्रमाणपत्र एवढे पुरावे पुरेसे मानून उत्पन्नाची अट काढून टाकावी. आणि अर्ज फेटाळावयाचा असेल तर फेटाळण्याचे कारण कचेरीने मुदतीच्या आत, अर्जदारास कळेल अशा मराठीत, लेखी कळवावे.