परवाना एक, विमाने अनेक

गेल्या भाऊबिजेला ताईकडे गेलो होतो. भाचा नुकताच अमेरिकेतून वैमानिकाचा परवाना घेऊन परतला होता. ओवाळणे झाले, फराळाची ताटे पुढे आली आणि ताईने मनात घोळत असलेला प्रश्न विचारला, "काय रे, आता तुला कुठलंही विमान चालवता येईल ना?"

"कुठलंही कसं, आई? लहानसं, एका इंजिनाचं, साध्या पंख्याचं."

ताईचा चेहरा उतरला. एकदा मोटार शिकली की शेजाऱ्याचीही गाडी हाकता येते. मग विमानाच्याच बाबतीत हे सोवळेओवळे का? मी पडलो मराठीचा मास्तर. पण कुतूहलाला विषयाचे बंधन नसते. भाच्याला खोदून खोदून विचारले, आणि जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो.

अमेरिकेतला नियम थोडक्यात असा. पंख्याच्या लहान विमानांना गटवार परवानगी पुरते. एका इंजिनाच्या विमानांची एक, दोन इंजिनांची दुसरी. इंजिन २०० अश्वशक्तीहून मोठे असेल किंवा तिसरे चाक शेपटीखाली असेल, तर शिक्षकाकडून शिकून नोंदवहीत त्याची सही घ्यायची. पण विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १२,५०० पौंडांहून अधिक असेल किंवा ते जेट असेल, तर त्या जातीच्या विमानाची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. तिलाच 'टाइप रेटिंग' म्हणतात.

आता यातली गंमत पाहा. 'किंग एअर २००' या विमानाचे कमाल वजन नेमके १२,५०० पौंड. त्याला ही परीक्षा नाही. त्याचाच मोठा भाऊ 'किंग एअर ३५०' १५,००० पौंडांचा. त्याला मात्र आहे. 'सेसना कॅरॅव्हान' ८,००० पौंडांचे, पण पंख्याचे, म्हणून सुटले. सिरसचे 'व्हिजन जेट' अवघे ६,००० पौंडांचे, पण जेट, म्हणून सापडले!

"म्हणजे हलकं विमान ते सोपं, असंच ना?" ताईने विचारले.

"तिथंच तर माणसं फसली," भाचा म्हणाला. आणि त्याने जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या 'एम-यू २' या विमानाची हकिकत सांगितली.

दोन इंजिनांचे हे विमान १९६३ मध्ये प्रथम उडाले. वजन मर्यादेच्या आत, म्हणून टाइप रेटिंग नको. पंख आखूड, त्यामुळे वेग दांडगा. परंतु उतरताना तेच विमान हळू चालावे म्हणून पंखांची मागची सगळी कड फ्लॅपना दिलेली. विमान डावीउजवीकडे कलवणाऱ्या नेहमीच्या झडपांना जागाच उरली नाही. त्यांच्याऐवजी पंखाच्या पाठीवर 'स्पॉयलर' नावाच्या पट्ट्या बसवल्या. पट्टी उभी राहिली की त्या पंखाची उचल कमी होते आणि विमान त्या बाजूला कलते.

एरवी हे झकास चाले. पण उड्डाण करताच एक इंजिन बंद पडले की कसोटी लागे. विमानाला उचल हवी असते तीच नेमकी या वेळी. आणि इतर विमानांवर तयार झालेला वैमानिक सवयीने चाक फिरवून उरलीसुरली उचलही घालवून बसे. योग्य रीत निराळी होती, पण ती शिकवलेली असावी लागे. अनेक जीव गेले. विमान सदोष, अशी ओरड झाली. २००५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने त्याची कसून छाननी केली. २००८ मध्ये नियम झाला: टाइप रेटिंग नव्हे, पण या विमानापुरते ठरावीक शिक्षण, आणि दरवर्षी त्याची उजळणी. विमान तेच राहिले. अपघात मात्र पुष्कळच कमी झाले. २०१६ मध्ये त्या नियमाला कायमच्या नियमावलीत जागा मिळाली.

रॉबिन्सन कंपनीच्या आर-२२ आणि आर-४४ या चिमुकल्या हेलिकॉप्टरांसाठीही १९९५ मध्ये असाच खास नियम करावा लागला होता.

मला माझा वर्ग आठवला. पहिला धडा पाठ झालेला विद्यार्थी दुसरा न वाचताच उत्तर लिहू लागतो. अज्ञानी माणूस निदान विचारतो तरी. जाणत्याचा हात विचारायला थांबत नाही. वर्गात त्याची किंमत चार गुण. आकाशात तेवढ्यावर भागत नाही.

ताई बराच वेळ गप्प होती. मग मुलाच्या ताटात एक करंजी वाढत म्हणाली, "नवीन विमान असलं की आधी शिकून घे हो. येतंय म्हणून बसू नकोस."

टाइप रेटिंगचे सारे नियम तिने एका वाक्यात सांगितले होते.