एका रचनाकाराची मैफल : स्वरलेखन, वाद्यवृंद आणि राग

बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळ्यासारख्या गावी भजन चालले असता अभंगाचा कर्ता कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही; शेवटच्या चरणातील नाममुद्राच ते सांगते. ख्यालाच्या बंदिशीतही ‘सदारंग’ या मुद्रेवरून अठराव्या शतकातील न्यामतखाँचे स्मरण होते. परंतु बंदिशीचा विस्तार गायकाचा असतो, आणि मैफलही त्याच्याच नावाने ओळखली जाते. वाद्यवृंदाच्या ज्या मैफलीत आरंभापासून अखेरपर्यंत एकाच रचनाकाराच्या कृती वाजविल्या जातात, तिचे तत्त्व याहून भिन्न आहे. तेथे शब्द नसले तरी कर्ता लोपत नाही. कारण कोणत्या वाद्याने कोणता स्वर किती काळ वाजवावयाचा, हे त्याने लिहून ठेवलेले असते.

या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्ना येथे झालेली बेथोव्हनची मैफल होय. तीत त्याच्या पाचव्या व सहाव्या सिंफनीचे प्रथम वादन झाले. सुमारे चार तास चाललेल्या या कार्यक्रमात तालमीच्या अभावी एक रचना मध्येच थांबवून पुन्हा सुरू करावी लागली. लिखित रचना कितीही पूर्ण असली तरी ती वादकांच्या स्वाधीन असते, हाच या प्रसंगाचा बोध होय.

मुंबईत मेहली मेहता यांनी 1935 साली बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पुढे हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणांमुळे स्वरलेखन वाचून वाजविणारे अनेक गोमंतकीय वादक या शहरात स्थिरावले. माजोर्डे येथील अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. ते व्हायोलिनवादक व वाद्यवृंदरचनाकार होते, तसेच प्यारेलाल यांचे गुरू होते. 1958 साली त्यांनी स्वतःच्या रचनांच्या वादनासाठी शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा केला. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात झालेल्या या मैफलीत लता मंगेशकर व मन्ना डे यांचे गायनही होते. रागसंगीत वाद्यवृंदाच्या रूपात मांडणे, हा गोन्साल्विस यांचा हेतू होता.

हे कार्य किती अवघड आहे, ते एका रागावरून कळेल. गोन्साल्विस यांनी सारंग रागावर आधारित कन्सर्टो रचला आहे. सारंगाच्या प्रकारांपैकी सर्वपरिचित अशा वृंदावनी सारंगात गंधार व धैवत वर्ज्य असतात. आरोहात शुद्ध व अवरोहात कोमल निषाद येतो. पाश्चात्त्य पद्धतीत रचनेला अखेरचा विसावा देणारा स्वरगट सा-ग-प असा असतो. सारंगात गंधारच नसल्याने तो घेताच राग भंगतो. प-नि-रे हा गट रागाच्या स्वरांतून सहज मिळतो. परंतु त्याचा स्वभाव षड्जावरील विसाव्याची अपेक्षा निर्माण करण्याचा आहे, आणि ती अपेक्षा पूर्ण करणारा गट रागाबाहेर राहतो. केवळ सा-प यांचा आधार ठेवावा, तर वाद्यवृंद तंबोऱ्याचेच काम करू लागतो. अनेक स्वतंत्र स्वरवाक्ये एकमेकांत गुंफावी, तर प्रत्येक वाक्यात रागाचे चलन सांभाळावे लागते. म्हणजे येथे रचनाकाराला नुसते स्वर भाषांतरित करता येत नाहीत. विसाव्याची कल्पनाच नव्याने घडवावी लागते.

1960 च्या दशकाच्या मध्यास गोन्साल्विस अमेरिकेस गेले. 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गीतामुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले. परंतु ते नाव ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी त्यांचे संगीत पडले असेल. बंदिश एका शिष्याच्या कंठात जगू शकते. वाद्यवृंदाच्या रचनेला मात्र पन्नास-शंभर वादक एकत्र यावे लागतात. 2006 साली मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वृंद स्थापन केला, तेव्हापासून हे साधन महाराष्ट्रात उपलब्ध आहे. भारतीय रचनाकारांची हस्तलिखिते जपणे हे संशोधनाचे पहिले पाऊल होय. परंतु जोवर ती वाजविली जात नाहीत, तोवर त्यांच्या गुणदोषांविषयीचा प्रत्येक निर्णय अपुराच राहणार.