घरच्या घरी चाकांची जुळणी : साधने कशी निवडावीत?

जयपूरच्या वायव्येस वसलेले विद्याधर नगर ही आखीव वसाहत आहे. १७२७ मध्ये जयपूर शहराची रचना करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्य यांचे नाव तिला लाभले असून, १९८०च्या दशकात वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी तिचा आराखडा तयार केला. येथे किंवा अन्यत्र, ज्यांच्या घरी मोटार आणि ती उभी करण्यापुरती सपाट जागा आहे, अशा वाचकांना प्रश्न पडतो : चाकांची जुळणी, म्हणजेच व्हील अलाइनमेंट, घरी करता येईल का? आणि त्यासाठी कोणती साधने घ्यावीत?

तीन कोन

चाकांच्या जुळणीत तीन कोन महत्त्वाचे असतात. वरून पाहता पुढची चाके आत वा बाहेर किती वळलेली आहेत, हा ‘टो’. समोरून पाहता चाक किती कललेले आहे, हा ‘कॅम्बर’. बाजूने पाहता चाक वळण्याचा अक्ष किती तिरपा आहे, हा ‘कॅस्टर’. आपल्याकडील बहुतेक छोट्या मोटारींत केवळ पुढच्या चाकांचा टो सहज बदलता येतो. म्हणून जे बदलता येते ते मोजणारे साधन प्रथम घ्यावे.

टो बिघडल्यास काय होते? ६० सेंटीमीटर व्यासाच्या टायरवर पुढील व मागील कडांच्या अंतरांत योग्य मापापेक्षा ३ मिलिमीटरची चूक असेल, तर प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे अडीच मीटर आडवे घासले जाते. टायरची कड अकाली झिजते, इंधन अधिक लागते आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

दोरी की यंत्र?

जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. यंत्र एवढे मोठे असल्यामुळेच त्यावरील सावली दर सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते आणि सूक्ष्म काळ डोळ्यांनी वाचता येतो. अतिशय लहान कोन मोजायचा असेल तर लांबी वाढवावी, हे तत्त्व आपल्यालाही उपयोगी पडते.

दोरीची पद्धत याच तत्त्वावर चालते. चार टेकूंवर, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, मोटारीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणाव्यात. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या परस्परांना समांतर असाव्यात आणि पुढच्या चाकांच्या मध्यापासून दोरीचे अंतर डावी-उजवीकडे सारखे असावे. मागच्या चाकांबाबतही तसेच. मग पोलादी पट्टीने रिमच्या पुढील व मागील कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजावे. पतंगाचा साधा, काच न लावलेला दोरा किंवा मासेमारीची नायलॉन दोरी पुरेशी आहे. ही पद्धत स्वस्त व अचूक आहे. मात्र मांडणीस वेळ लागतो.

वेळ वाचवायचा असल्यास टो-प्लेटची जोडी घ्यावी. चाकांना टेकविलेल्या दोन पट्ट्यांमधील अंतर दोन टेपांनी पुढे व मागे एकाच वेळी मोजता येते. पण स्टिअरिंग सरळ आहे की नाही, हे ती सांगत नाही.

कॅम्बरसाठी लोहचुंबकाने बसणारा डिजिटल कोनमापक मिळतो. तो घेण्यापूर्वी जागा तपासावी. पाणी वाहून जावे म्हणून पार्किंगच्या फरशीला उतार दिलेला असतो. डाव्या-उजव्या चाकांतील दीड मीटर अंतरात अडीच सेंटीमीटर उतार असेल तर मापात जवळपास एक अंशाची चूक होते. लांब पातळीपट्टी आणि उतार भरून काढण्यासाठी फरशीचे तुकडे हाताशी असावेत. कॅस्टर मोजण्यासाठी फिरत्या तबकड्या लागतात. सर्वसामान्य मालकाने त्यावर खर्च करू नये.

आधी हे पाहा

टायर थंड असताना, शक्यतो सकाळी, हवा तपासावी. टाय रॉडचे सांधे व बेअरिंग ढिले असल्यास प्रथम दुरुस्ती करावी. ढिल्या सांध्यावरील माप व्यर्थ होय. मोटार जॅकने उचलली असल्यास खाली उतरवून काही मीटर ढकलावी आणि मगच मोजावे. उचललेल्या मोटारीखाली केवळ जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. भक्कम जॅक स्टँड हवेतच. माप तीनदा घ्यावे. ते जुळले नाही तर टाय रॉडला हात लावू नये. योग्य मूल्य मोटारीच्या पुस्तिकेतून किंवा अधिकृत सेवा केंद्राकडून मिळवावे आणि दोन्ही टाय रॉड समान फेऱ्यांनी फिरवावेत.

स्थैर्य-नियंत्रण प्रणाली किंवा चालकास साहाय्य करणारे कॅमेरे असलेल्या मोटारींत जुळणीनंतर संवेदक पुन्हा जुळवावे लागू शकतात. अशा मोटारींचे माप घरी घ्यावे, पण बदल कार्यशाळेत करवून घ्यावा.

वाचकहो, पासबुकाप्रमाणे या मापांचीही तारीख व किलोमीटरसह नोंद ठेवावी. पुढच्या वेळी कार्यशाळेत जाणे खरोखर आवश्यक आहे की नाही, हे त्या नोंदीवरून आपणच ठरवू शकाल. दोरी, पट्टी आणि वही यांवरील अल्प खर्चाचा हाच सर्वांत मोठा परतावा होय.