फॉरमॅट मारण्याआधी थांबा! अपग्रेड डिस्क, जुना संगणक आणि आपल्या उर्दू-मराठी फाइली

"सर, कॉम्प्युटर लई स्लो झालाय, फॉरमॅट मारून घ्या ना!" धरणगाव असो की जळगाव, जुन्या संगणकावर हा एकच इलाज सगळ्यांना पाठ आहे. आम्हीही तोच केला आणि पस्तावलो.

परीक्षा तोंडावर आली असताना शाळेतला विंडोज ७ चा संगणक सुरू होईना. कपाटात विंडोज ७ ची अपग्रेड डीव्हीडी पडलेली होती. आम्ही हार्ड डिस्क साफ केली आणि डीव्हीडी टाकली. विंडोज बसले, पण की टाकल्यावर उत्तर आले: ही की फक्त अपग्रेडसाठी आहे, कोऱ्या संगणकासाठी नाही. त्याहून मोठे नुकसान म्हणजे इनपेजमध्ये टाइप केलेल्या कित्येक वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका गेल्या. चूक आमचीच होती. तीच चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

अपग्रेड डिस्क म्हणजे काय?

फुल डिस्क आणि अपग्रेड डिस्क यांतले विंडोज जवळपास सारखेच असते. फरक असतो तो परवान्यात. अपग्रेड डिस्क स्वस्त मिळायची, कारण तुमच्याकडे जुने विंडोज आधीच आहे हे त्यात गृहीत धरलेले असे. विंडोज एक्सपीची अपग्रेड सीडी कोऱ्या संगणकावर जुन्या विंडोजची सीडी पुराव्यादाखल मागायची. विंडोज ७ मध्ये हा पुरावा हार्ड डिस्कवरच शोधला जातो. आम्ही डिस्क साफ केली, म्हणजे पुरावा आपल्याच हाताने पुसला.

मग करायचे काय?

फॉरमॅट न करता 'कस्टम' पर्याय निवडून त्याच सी ड्राइव्हवर विंडोज बसवायचे. जुने सगळे 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवले जाते. त्यात 'युजर्स'मध्ये तुमच्या फाइली आणि 'विंडोज'मध्ये जुने फॉन्ट सापडतात. सॉफ्टवेअर मात्र नव्याने टाकावे लागतात. या फोल्डरच्या भरवशावर फार दिवस राहू नका. विंडोज १० मध्ये अपग्रेडनंतर तो साधारण दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो.

फाइलीसोबत फॉन्टही जपा

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सहसा सी ड्राइव्हवरच असतात. "डेस्कटॉपवर ठेवलंय, कुठं जातंय?" असे म्हणणारे इथेच फसतात. आपल्या उर्दू-मराठी शाळांची अडचण आणखी वेगळी आहे. जुन्या इनपेजची फाइल वर्डमध्ये उघडत नाही, तिला इनपेजच लागते. कृतिदेवमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतो. म्हणून फाइलीसोबत फॉन्ट आणि इनपेजचा सेटअपही पेन ड्राइव्हवर घ्या. एक प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवा आणि तिथे ती उघडून पाहा.

संगणक सुरूच होत नसेल तरी घाबरू नका. विंडोज बिघडले म्हणजे फाइली गेल्या असे नाही. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, किंवा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून फाइली कॉपी करता येतात. आम्हाला तेव्हा एवढे माहीत असते तर प्रश्नपत्रिका वाचल्या असत्या. आणि चुकून फॉरमॅट झालेच, तर त्या डिस्कवर नवे काही टाकू नका. वर दुसरे काही लिहिले गेले नसेल तर रिकव्हरीची आशा असते.

आता २०२५ नंतर काय?

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. जुनी ७ ची की वापरून १० किंवा ११ सुरू करण्याची वाटही सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. पण ज्या संगणकावर विंडोज १० एकदा रीतसर ॲक्टिव्हेट झाले आहे, त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घ्या, बसवताना 'माझ्याकडे की नाही' निवडा आणि पूर्वीचीच आवृत्ती घ्या. मदरबोर्ड बदललेला नसेल तर इंटरनेट जोडल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होते.

विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते, ते बऱ्याच जुन्या संगणकांत नसते. अशा वेळी क्रॅक केलेली डिस्क आणू नका, तिच्यासोबत व्हायरस फुकट मिळतो. लिनक्स हा सरळ मार्ग आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून त्यावरच चालतात, आणि सी-डॅकने भारतीय भाषांसाठी 'बॉस' लिनक्स तयार केले आहे.

शेवटची विनंती शिक्षक मित्रांना. नवे काम युनिकोडमध्येच करा. उर्दूसाठी जमील नूरी नस्तालीक हा फॉन्ट आहे, मराठीसाठी मंगल आहे. युनिकोडमधली फाइल उद्या कोणत्याही संगणकावर, अगदी मोबाइलवरही वाचता येते. संगणक आज ना उद्या बदलणारच. त्यातली मुलांसाठी केलेली मेहनत ही अमानत आहे, ती आधी बाजूला काढा, मग खुशाल फॉरमॅट मारा.