ऑपरेशनचा दर फलकावर, मग निकाल कुठे?

सोयाबीनचं बियाणं घेताना तुम्ही पिशवीवरचं लेबल बघता. उगवण किमान 70 टक्के हवी, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. कमी उगवलं तर पंचायत समितीत तक्रार घेऊन येता. पण घरातल्या कर्त्या माणसाला बायपास सांगितली, की दवाखाना ठरतो तो कुणाच्या तरी सांगण्यावरून. प्रसंगी त्यासाठी रान विकावं लागतं. इथं लेबल कोणतं बघायचं?

दर तेवढा बघता येतो. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला, तेव्हा औषधी लेपाचा स्टेंट 29,600 रुपयांवर आला. राज्याच्या जानेवारी 2021 च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. मात्र किती पेशंट बरे होऊन घरी गेले, किती दगावले, हे त्या फलकावर नसतं.

झाकलं तर काय होतं?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं होत. तिथल्याच एका भूलतज्ज्ञाने धोक्याची सूचना दिली होती, पण ती वेळीच कुणी मनावर घेतली नाही. 2001 च्या चौकशी अहवालाने सांगितलं, की 1991 ते 1995 या काळात एक वर्षाखालची 30 ते 35 मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. तेव्हा गप्प बसण्याचीही किंमत असते, आणि ती पेशंट मोजतो.

नुसता आकडा छापला तर?

न्यूयॉर्क राज्याने 1989 पासून बायपासच्या नोंदी जमवल्या आणि पुढच्या वर्षी रुग्णालयवार निकाल जाहीर केले. 1991 मध्ये ‘न्यूजडे’ दैनिकाने कोर्टात जाऊन सर्जनवार आकडेही मिळवले. जोखीम धरून काढलेला मृत्युदर 1992 पर्यंत 4.17 वरून 2.45 टक्क्यांवर आला. पण आकडा बिघडेल या धास्तीने काही डॉक्टर गंभीर पेशंट टाळतात, अशी तक्रारही तिथूनच आली.

हे आपल्याला नवं नाही. पारनेरच्या जिरायत रानाचा उतारा नेवाशाच्या पाटपाण्याच्या रानाशी लावला, तर पारनेरचा शेतकरी आळशी ठरेल! दवाखान्याचंही तसंच. वय, मधुमेह, किडनी, पेशंट किती उशिरा पोचला, हे धरल्याशिवाय केलेली तुलना म्हणजे अन्यायच. शिवाय वर्षाला 20 ऑपरेशनं करणाऱ्याकडे एक मृत्यू झाला तरी 5 टक्के होतात. म्हणून एका वर्षावर शिक्का मारू नये, तीन-चार वर्षांची बेरीज बघावी.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पैसे सरकार भरतं, म्हणजे प्रत्येक ऑपरेशनची नोंद सरकारकडे जाते. त्या नोंदींतून, पेशंटची नावं गाळून आणि जोखीम धरून, रुग्णालयवार निकाल मराठीत छापावेत. अतिगंभीर पेशंटचा हिशेब वेगळा ठेवावा, म्हणजे त्यांना कुणी दारातून परत पाठवणार नाही.

तोवर ठरवून करायच्या ऑपरेशनाआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: इथं वर्षाला अशी ऑपरेशनं किती होतात? आमच्या पेशंटला धोका किती? योजनेत बसतं का? विचारणं हा अपमान नव्हे. छातीत कळ आली असेल तेव्हा मात्र चौकशीत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि जवळचा सोयीचा दवाखाना गाठा.