माथेरानच्या इंजिनाचे दडलेले सांधे

नेरळ–माथेरान रेल्वेची जुनी वाफेची इंजिने जपून ठेवलेली आहेत, त्यांना रंग दिला जातो, त्यांच्यापुढे उभे राहून लोक फोटो काढतात. पण ज्या एका भागाच्या जोरावर ही इंजिने माथेरानचा डोंगर चढली, तो भाग बाहेरून दिसतच नाही. दोन चाकांना जोडणाऱ्या आसेच्या पोटात तो बसवलेला आहे. धुराडे, बॉयलर, दांडे हे सारे जगातल्या कोणत्याही वाफेच्या इंजिनावर पाहायला मिळते. माथेरानचे वेगळेपण त्या आसेत आहे, आणि ती उघडून दाखवली जात नाही तोवर हे जतन अर्धवट आहे, असे माझे म्हणणे आहे.

हे म्हणणे पटण्यासाठी आधी डोंगराचे गणित पाहावे लागेल. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द यांतून १९०४ साली काम सुरू झाले, सुमारे १६ लाख रुपये खर्च झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी ही दोन फुटी गेजची गाडी सुरू झाली. सुमारे २१ किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरच्या आसपास उंची गाठायची, तीही काही ठिकाणी १:२० चढाने, म्हणजे वीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. अशा चढावर प्रत्येक टन वजनाला ५० किलोचा ओढा मागे खेचत असतो. घर्षणाचे आणखी दहाएक किलो धरले, तर टनामागे ६० किलो जोर लागतो. आता कोरड्या रुळावर पोलादी चाकाची पकड त्याच्यावरच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश असते. हिशोब केला तर इंजिन आपल्या वजनाच्या सव्वादोन पट गाडी ओढू शकते, त्याहून जास्त नाही. रूळ ओले झाले आणि पकड निम्म्यावर आली, तर हा आकडा दोन तृतीयांशावर घसरतो. अलिबाग-उरणच्या किनाऱ्यावरून आत येणारे पावसाळी वारे याच डोंगररांगेवर आदळतात, तेव्हा ओला रूळ इथे गृहीत धरावाच लागतो. चाकांपुढे वाळू टाकूनच निभावावे लागते.

या गणितातून एक सक्तीची अट निघते. वळणावर मार्ग दाखवण्यासाठी सपाटीवरच्या इंजिनांना पुढे-मागे न ओढणारी छोटी चाके लावतात. तसे इथे केले आणि एक तृतीयांश वजन त्या चाकांवर गेले, तर ओढायची गाडी सव्वादोन पटींवरून सव्वापटीवर येते. म्हणून इंजिनाचे प्रत्येक चाक ओढणारेच हवे. मग दार्जिलिंगसारखे दोनच आसांचे आखूड इंजिन का घेतले नाही, असा आक्षेप येईल. दार्जिलिंगची प्रसिद्ध बी वर्गाची इंजिने चार चाकांचीच आहेत आणि त्यांनी शतकभर उत्तम काम केले आहे. त्यांतले ७९४ क्रमांकाचे एक इंजिन नंतर नेरळलाही आणले गेले. या आक्षेपाचे उत्तर रुळांत आहे. माथेरानचे मूळ रूळ वाराला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे होते. असा हलका रूळ एका आसेखाली ठरावीकच भार सोसतो. तेव्हा रूळ न बदलता इंजिनाचे वजन दीडपट करायचे, तर आसा दोनाऐवजी तीन हव्यात. वजन दीडपट म्हणजे पकड दीडपट, आणि डब्यांत बसणारी माणसेही त्याच प्रमाणात जास्त.

तीन आसा घेतल्या की वळण आडवे येते. समजा, वळणाची त्रिज्या २० मीटर आहे आणि पहिल्या व तिसऱ्या आसेत दोन मीटर अंतर आहे. टोकाची चाके रुळावर असताना मधले चाक वळणाच्या रेषेपासून २५ मिलिमीटर बाजूला राहते. टोकाच्या आसाही वळणाच्या केंद्राकडे रोखायच्या तर प्रत्येकी सुमारे तीन अंश वळायला हव्यात. चाकाच्या कडेला आणि रुळाला एवढी मोकळीक नसते. ताठ चौकटीचे इंजिन अशा ठिकाणी रूळ कापत जाते किंवा वर चढून घसरते. नुसती आस वळू देणेही सोपे नाही, कारण तिन्ही आसांचे क्रँक (आस फिरवणारे हात) बाहेरून एकाच दांड्याने जोडलेले असतात. आस तिरकी झाली की दांडा अडकणार किंवा मोडणार. थोडक्यात, चाकाने वळावे पण क्रँकने वळू नये, अशी ही मागणी होती.

जर्मनीतल्या सॅक्सनीच्या सरकारी रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर या दोन अभियंत्यांनी ती पुरी केली. त्यांनी एका आसेच्या दोन आसा केल्या. आत भरीव आस असते. ती चाकांच्या बाहेरून गेलेल्या चौकटीत पक्की बसते आणि क्रँक तिलाच जोडलेले असतात. तिच्याभोवती पोकळ आस असते आणि चाके या पोकळ आसेवर बसवलेली असतात. दोघींचा संबंध फक्त मधोमध, एका गोळ्यापाशी येतो. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखाच हा गोळा. इंजिनाचा भार त्यातून चाकांवर उतरतो आणि त्यातून आरपार गेलेली खीळ फिरण्याचा जोर पोकळ आसेला देते. त्यामुळे चाकांची जोडी हवी तेवढी वळते, थोडी बाजूलाही सरकते, आणि बाहेरचा दांडा मात्र सरळ रेषेतच काम करत राहतो. बार्शी लाइट रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी माथेरानसाठी लवचीक चाकांची सहाचाकी इंजिने सुचवली आणि बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने ती बांधली. ७३८ ते ७४१ हे त्या चार इंजिनांचे क्रमांक. पहिली आणि तिसरी आस पोकळ, मधली साधी. भरीव आसेचे आधार चाकांच्या बाहेर असल्यामुळेच या इंजिनांची चौकट चाकांच्या बाहेरून जाते. बाहेरून दिसणारी तेवढी एकच खूण.

या रचनेला दोष होते, हे मान्य केले पाहिजे. गोळा आणि खीळ झिजत, आतपर्यंत तेल पोचवणे कठीण जाई, आणि वेग वाढला की चाके डुलू लागत. जर्मनीत पुढे इतर उपायांनी तिला मागे टाकले. पण माथेरानची वेगमर्यादा ताशी २० किलोमीटरच्या आसपास. तिथे डुलण्याचा दोष जाणवण्याजोगा नव्हता आणि वळण्याचा गुण रोज कामी येत होता. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने ६०० मिलिमीटर गेजवर हीच रचना वापरून आठ चाकांची हजारो इंजिने बांधली. युद्ध संपल्यावर त्यांतली बरीच फ्रान्समध्ये राहिली, बीटाच्या शेतांतून धावली, आणि काही तिथे आजही जपलेली आहेत.

जतन कसे करावे, याचा धडाही फ्रान्सनेच दिला आहे. म्यूलूझच्या रेल्वे संग्रहालयात ३.११०२ हे थोरले इंजिन उभे चिरून ठेवले आहे. बॉयलरच्या नळ्या आणि भट्टीचे पोट सरळ दिसते. अशी दोनच इंजिने बनली होती, तरी १९३७च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांतले हे कापले गेले. तिथल्याच २३२.यू.१ या इंजिनाची चाके विजेच्या मोटरने रोलरवर फिरवून दाखवतात. दुर्मीळ वस्तू कापणे हा गुन्हा आहे, असे कोणी म्हणेल, आणि माथेरानच्या बाबतीत मी त्याच्याशी सहमत आहे. चारांपैकी ७४० क्रमांकाचे इंग्लंडला गेले. उरलेल्यांना करवत लावू नये. त्याची गरजही नाही, कारण पाहायचे आहे ते बॉयलरमध्ये नसून आसेत आहे. पोकळ आसेची पूर्ण आकाराची प्रतिकृती कोणत्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये बनू शकते. तिचा अर्धा भाग उघडा ठेवावा आणि एका टोकाला हाताने फिरवायचा दांडा द्यावा. मूळ इंजिन पुन्हा वाफेवर चालवणे हेच खरे जतन, असेही काही जण म्हणतात. चालते इंजिन पाहण्याचा आनंद मोठाच आहे. पण चालत्या इंजिनाचा तो सांधा तितकाच झाकलेला राहतो, आणि झिजतो तोही तोच.

प्रतिकृतीबरोबर मूळ इंजिनाची खालची बाजूही दाखवावी, पण त्यासाठी नेरळला इंजिनाखाली खड्डा खणण्याची कल्पना टिकणार नाही. २६ जुलै २००५च्या पावसाने ही लाइन जागोजागी उखडली होती. असा खड्डा दर पावसाळ्यात भरेल. त्याऐवजी कमरेएवढ्या खांबांवर रूळ उचलून, एका वळणाच्या तुकड्यावर इंजिन ठेवावे आणि खाली आरसे लावावेत. सरळ रुळावर ठेवलेल्या इंजिनाच्या आसा सरळच राहतात, आणि सगळी करामत निजलेली असते. वर पक्के छप्पर हवे, बाजूंनी आडोसा हवा, आणि गोळ्याच्या सांध्यात दर वर्षी पावसाळ्याआधी ग्रीस भरणारा माणूस नेमलेला हवा.